‘आपण’ जिंकलो, ‘ते’ हरले

रविवारी सकाळी सातला तिसरी पाळी सुटते. डोक्यावरची, भुवयांवरची रुई झटकत गेटबाहेर आलो आणि मोबाईल चालू केला तोच तो वाजला. टेक्सासहून फोन. आमच्या वस्तीतला दोस्त. सरकारी शिष्यवृत्तीवर तिकडं शिकायला गेलेला. माझ्याकडं रविवार उजाडला होता, त्याच्याकडं शनिवारची रात्र चढली होती. पाठीमागं नुसता कल्ला.

“काय रं, वरात हाय का काय?”

“न्हाय मर्दा. मॅच झाली. हे सगळे आपलेच मराठी हायत, पुण्या-नाशकाकडचे. कवाधरनं एकच वरडाय लागलेत. आपण जिंकलो, आपण जिंकलो.”

“आपण म्हंजे कोण?”

तो गप्प बसला. मग हसला. मग बाहेर व्हरांड्यात जाऊन बोलला.

त्यानं सांगितलं ते असं. खोलीत चौघं राहतात. हा आणि ते तिघं. तिघांच्याही अंगात विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे शर्ट. दर शनिवारी मॅच. मॅच संपली की पिझ्झ्याचं खोकं मध्ये ठेवून चर्चासत्र. दोन आठवड्यांमागं हाच संघ हरला होता. तेव्हा त्याच टेबलावर हीच तोंडं काय बोलत होती? “ह्यांना पळायचं तेवढं कळतं, डोकं कुठं चालतंय.” “एवढं फुकट शिकवतात, वर पैसे देतात, आणि बॉल हातातून सुटतो.” संघात काळी पोरं पुष्कळ. त्यांच्याबद्दल हे बोलणं. आणि एकानं वर फोडणी दिली, “आपल्याकडं पण तेच आहे ना, मेरिट बघतोय कोण.” आमचा दोस्त तिथंच बसला होता. कुठला, कुठल्या गल्लीतला, आडनाव काय, हे सगळं त्याला पहिल्याच आठवड्यात विचारून झालं होतं.

म्हणजे हरले तेव्हा ‘ते’ हरले. जिंकले तेव्हा ‘आपण’ जिंकलो.

हा लेख त्या तिघांसाठी आहे. ते हा अंक वाचणार नाहीत हे मला ठाऊक आहे. म्हणून जे वाचतात त्यांच्यापुढं ठेवतो. कारण असे तिघं प्रत्येक गिरणीत, प्रत्येक गल्लीत, प्रत्येक मंडळात आहेत. कधी कधी आपल्या आतसुद्धा आहेत.

आधी खेळ काय ते सांगतो. हा आपला फुटबॉल नव्हे. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमी भिडतात तो गोल चेंडूचा खेळ. हा लांबोळ्या चेंडूचा. चेंडू हातात धरून पळायचं, समोरच्याला अंगानं अडवायचं, पाडायचं. डोक्याला शिरस्त्राण, खांद्याला पॅड, तरी हाडं मोडतातच. कॉलेजा-कॉलेजांतली पहिली मॅच ६ नोव्हेंबर १८६९ ला रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाली असं तिकडं मानतात. आज मिशिगन, ओहायो, टेक्सास, अलाबामा इथल्या विद्यापीठांच्या मैदानांत एका वेळी लाखभर माणूस बसतो. बऱ्याच राज्यांत सरकारी पगारातला सगळ्यात मोठा पगार गव्हर्नराला नसतो, कुलगुरूलाही नसतो. तो कोचला असतो. यावरून काय समजायचं ते समजा.

आता शब्दाकडं येतो. इंग्रजीत एकच ‘वी’. आपल्या मराठीत दोन आहेत. ‘आम्ही’ आणि ‘आपण’. ‘आम्ही’ म्हटलं की समोरचा बाहेर. ‘आपण’ म्हटलं की समोरचा आत. ही भाषेची श्रीमंती आहे असं मास्तर सांगतात. मी म्हणतो, ही भाषेनं लावलेली दाराची कडी आहे. ती आतून काढायची की लावायची हे आतला ठरवतो. ‘आपण सगळे हिंदू’ हे निवडणुकीआधी. ‘आम्ही तुमच्यात मुलगी कशी देणार’ हे निवडणुकीनंतर. खेळाच्या मैदानावरही हीच कडी.

१९७६ साली रॉबर्ट चाल्डिनी नावाच्या मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सोबत्यांनी हे रीतसर मोजलं. अमेरिकेतली सात विद्यापीठं घेतली. शनिवारच्या मॅचनंतर सोमवारी वर्गात किती पोरं विद्यापीठाचं नाव छापलेले कपडे घालून येतात ते टिपलं. संघ जिंकलेला असला की असे कपडे जास्त दिसले. मग पोरांना फोन करून विचारलं, त्या मॅचचं काय झालं सांगा. जिंकलेल्या मॅचबद्दल सांगताना ‘आम्ही’ जास्त आलं, हरलेल्या मॅचबद्दल कमी. दुसऱ्याच्या उजेडात ऊन खात बसायचं आणि अंधार पडला की उठून जायचं, असा त्याचा अर्थ.

मला हे शोधायला सात विद्यापीठं लागली नाहीत. एक गल्ली पुरली.

मी गोली आहे. सोळा वर्षांचा असताना आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका मंडळानं मला घेतलं. मंडळ वरच्या आळीचं. नाव लिहीत नाही, लिहिण्याच्या लायकीचं नाही. पहिल्याच वर्षी फायनलला मी पेनल्टी अडवली. ज्यांच्या दारात आमची आजी अंगणाबाहेर उभी राहून ताक घ्यायची, त्यांच्या खांद्यावर बसून मी चौकातून फिरलो. “आपला गोली! आपला गोली!” गुलालानं डोळे चरचरत होते. मला वाटलं, झालं, मिटलं सगळं. सोळा वर्षांचं पोर, त्याला असं वाटणारच.

पुढच्या साली सेमीफायनलला दोन गोल खाल्ले. एक बचावफळीच्या चुकीनं, एक माझ्या. संध्याकाळी चहाच्या टपरीमागं सायकल लावत होतो. पलीकडं मंडळाची चर्चा चाललेली. “वस्तीतलं पोरगं घेतलं तवाच म्हणलं हुतं. ह्यांच्यात नेट धरायचा दमच नसतोय.” बचावफळीत ज्याच्या पायातून चेंडू निसटला तो पाटलाचा पुतण्या. त्याचं काय चुकलं? त्याचा ‘दिवस नव्हता’.

बघा, हिशेब कसा असतो. त्याचा दिवस नव्हता. माझी जात होती.

हे झालं माझं. आता कापसाच्या मैदानावर चला.

टेक्सासातल्या डॅलस शहरात एक जुनं स्टेडियम आहे. त्याचं नाव कॉटन बोल. कापसाचा वाडगा म्हणा. दर ऑक्टोबरात तिथं टेक्सास आणि ओक्लाहोमा या दोन विद्यापीठांची मॅच होते. नाव वाचून मी थबकलो. मी आठ तास कापसात असतो. कापूस माझ्या नाकात, कापूस फुफ्फुसात. त्या मुलखात कापूस कुणी वेचला? गुलामांनी. १८६१ ते १८६५ या काळात गुलामीवरून तिकडं यादवी पेटली, त्यांचा कापूस विलायतेला जायचा थांबला, आणि इथं मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेटजी गबर झाले. त्यांच्या पाठीवरचे वळ आणि आमच्या छातीतली रुई एकाच गठाणीतली आहे. त्यामुळं त्या मैदानावर काय घडतं त्याच्याशी मला कर्तव्य आहे. कुणी विचारू नये, तुला काय करायचंय म्हणून.

१० ऑक्टोबर २०२०. कोरोनाचे दिवस, मैदान अर्धंही भरलेलं नव्हतं. चार वेळा जादा डाव खेळून टेक्सास ५३–४५ हरलं. मॅच संपली की या विद्यापीठाचं एक गाणं वाजतं, ‘द आइज ऑफ टेक्सास’. खेळाडूंनी प्रेक्षकांकडं तोंड करून उभं राहायची रीत. त्या दिवशी गाणं वाजलं आणि मैदानावर जवळजवळ कुणीच नाही. पोरं आत निघून गेली होती. एकटा गोरा क्वार्टरबॅक हात वर करून उभा. तो फोटो देशभर फिरला.

पोरं का थांबली नाहीत? कारण हे गाणं १९०३ साली एका मिन्स्ट्रेल शोमध्ये पहिल्यांदा म्हटलं गेलं. मिन्स्ट्रेल शो म्हणजे गोऱ्यांनी तोंडाला काळं फासून काळ्यांची टवाळी करायची. त्याला मी तमाशा म्हणणार नाही, तमाशा आपल्या कलावंतांचा आहे. मे २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडचा जीव एका पोलिसाच्या गुडघ्याखाली गेला. त्यानंतर जूनमध्ये या विद्यापीठाच्या खेळाडूंनी मागण्या मांडल्या. त्यातली एक, हे गाणं बदला. जुलैत विद्यापीठानं उत्तर दिलं. मैदानाला अर्ल कॅम्पबेल आणि रिकी विल्यम्स या दोन काळ्या खेळाडूंचं नाव दिलं. फुटबॉलच्या पहिल्या काळ्या ‘लेटरमन’चा, ज्युलियस व्हिटियरचा पुतळा उभारायचं ठरवलं. आणि गाणं? गाणं राहील.

ओळखीचं वाटतं ना? पुतळा घ्या. चौकाला नाव घ्या. जयंतीला पुढारी येईल, हार घालील. पण हक्काचं बोललात की गाणं तेच.

त्या मॅचनंतर चर्चा कशाची व्हायला हवी होती? त्रेपन्न गुण का दिले, बचाव कुठं फाटला, कोचचं काय चुकलं. चर्चा पेटली ती गाण्याला कोण उभं राहिलं आणि कोण नाही याची. पैसेवाल्या चाहत्यांनी, देणगीदारांनी विद्यापीठाच्या अध्यक्षाला पत्रांवर पत्रं लिहिली. गाणं गेलं तर देणगी बंद. मार्च २०२१ मध्ये ती पत्रं बातम्यांत आली. एका बड्यानं तर लिहिलं होतं, काळे आता मोकळे आहेत, त्यांनी दुसऱ्या एखाद्या राज्यात निघून जावं, अशा अर्थाचं. त्याच महिन्यात विद्यापीठाच्या समितीचा अहवाल आला. गाणं मिन्स्ट्रेल शोमध्ये गायलं गेलं हे मान्य, पण लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता.

हेतू! आमच्या आजीला अंगणाबाहेर उभं करणाऱ्याचाही हेतू वाईट नसायचा. रीतच तशी होती.

आता इथं कुणी शहाणा म्हणेल, अरे पण खेळानंच तर तिथला भेद मोडला. अलाबामाची गोष्ट सांगेल. ती गोष्ट अशी. १२ सप्टेंबर १९७० ला बर्मिंगहॅममध्ये दक्षिण कॅलिफोर्नियाचा काळ्या-गोऱ्यांचा मिश्र संघ आला आणि अलाबामाच्या फक्त गोऱ्यांच्या संघाला ४२–२१ नं लोळवून गेला. सॅम कनिंगहॅम या काळ्या पोरानं दोन टचडाऊन केले. मग म्हणे अलाबामाच्या चाहत्यांचे डोळे उघडले, आपल्यालाही असे खेळाडू हवेत असं ते बोलू लागले, आणि भेद संपला. एका संध्याकाळच्या खेळानं ते केलं जे किंग यांच्या चळवळीला वर्षानुवर्षं जमलं नाही, अशीही बढाई मारतात.

कनिंगहॅमला सलाम. पण ही गोष्ट खोटी विणलेली आहे. एक तर त्या दिवशी विल्बर जॅक्सन नावाचा काळा खेळाडू अलाबामानं आधीच घेतलेला होता. पहिल्या वर्षाच्या पोरांना मुख्य संघात खेळू देत नसत म्हणून तो मैदानात नव्हता, एवढंच. दुसरं, त्याच्या चौदा वर्षं आधी, १९५६ साली, ऑथरीन लूसी नावाची एक काळी बाई कोर्टात लढून त्याच विद्यापीठात शिकायला गेली. जमाव दगड-अंडी घेऊन तिच्या अंगावर धावला, आणि विद्यापीठानं जमावाला सोडून तिलाच काढलं. १९६३ साली काळ्या विद्यार्थ्यांना अडवायला खुद्द गव्हर्नर जॉर्ज वॉलेस दारात उभा राहिला. सरकारनं सैनिक बोलावले तेव्हा दार सोडलं. दार कुणी उघडलं? लूसीनं. कोर्टानं. रस्त्यावर मार खाणाऱ्यांनी. पण मॅचनंतर गप्पा हाणणाऱ्याला ते आवडत नाही. त्याला असं हवं असतं की दार त्याच्याच मोठ्या मनानं उघडलं. आणि मन कधी मोठं झालं? एकवीस गुणांनी हरल्यावर.

न्यायासाठी नाही घेतलं, जिंकण्यासाठी घेतलं. हे एकदा नीट समजून घ्या. कारण जो जिंकण्यासाठी घेतो, तो हरल्यावर बाहेर काढतो.

ज्यांना आत घेतलं त्यांचं काय झालं तेही ऐका. १९२३ साली आयोवा स्टेट कॉलेजच्या संघात जॅक ट्राइस हा त्या कॉलेजचा पहिला काळा खेळाडू होता. मिनेसोटाविरुद्धच्या मॅचच्या आदल्या रात्री त्यानं एका कागदावर लिहून ठेवलं की आपल्या वंशाची, घराची आणि स्वतःची इभ्रत पणाला लागली आहे. मॅचच्या सुरुवातीलाच त्याचं खांद्याकडचं हाड मोडलं. तरी खेळत राहिला. पुढं तुडवला गेला. दोन दिवसांनी, ८ ऑक्टोबरला मेला. एकवीस वर्षांचा. स्टेडियमला त्याचं नाव द्यायला १९९७ साल उजाडलं. १९५१ साली ओक्लाहोमात जॉनी ब्राइट या काळ्या खेळाडूला चेंडू जवळ नसताना जबड्यावर ठोसे मारले, पहिल्या सात मिनिटांत तीनदा. जबडा मोडला. फोटो निघाले, फोटो काढणाऱ्यांना १९५२ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. ज्या विद्यापीठाच्या संघानं मारलं त्यानं माफी मागितली २००५ साली. तोवर ब्राइट मरून बावीस वर्षं झाली होती.

बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते. या विद्यापीठानं १९०५ च्या हंगामानंतर हा खेळ बंद केला होता, कारण तेव्हा देशभर मैदानांवर पोरं मरत होती. १९१५ साली तो पुन्हा सुरू झाला. त्याच साली बाबासाहेब तिथून एम.ए. झाले. त्याच साली शेजारच्या राज्यात, रटगर्समध्ये, गुलामाचा मुलगा असलेल्या बापाचा नव्हे, प्रत्यक्ष गुलामीतून पळून आलेल्या बापाचा मुलगा पॉल रॉबसन फुटबॉल संघात शिरला. स्वतःच्याच संघातल्या गोऱ्यांनी चाचणीच्या वेळी त्याचं नाक फोडलं, बोटं तुडवली. १९१६ साली दक्षिणेतला एक संघ आला आणि म्हणाला, काळा असेल तर खेळणार नाही. रटगर्सनं रॉबसनला बाहेर बसवलं. पाहुण्यांची अडचण नको!

आपल्याकडं पाळवणकर बाळू. त्याच काळातला. हिंदूंच्या संघाला आपल्या गोलंदाजीनं मॅचेस जिंकून दिल्या. पुण्यात चहाच्या वेळी त्याचा चहा मंडपाबाहेर, मातीच्या वेगळ्या कपात. चेंडू त्याच्या हातचा चालायचा, कप चालायचा नाही. हिंदू संघाचं कप्तानपद बाळूला शेवटपर्यंत दिलं नाही. त्याच्या भावाला, विठ्ठलला, ते १९२३ साली मिळालं. तेसुद्धा भांडण झाल्यावर.

आणि हे फक्त मैदानावर नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकर खात्यात अस्पृश्याला घेत नसत. का? तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा. आमच्या थुंकीनं मराठा कामगार बाटला असता. म्हणून जास्त पगाराचं खातं बंद, आम्ही रिंग खात्यात. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हाच सवाल लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं टाकला. संपाला ‘आपण कामगार’, आणि धाग्याला ‘तुम्ही अस्पृश्य’? तिकडंही कित्येक दशकं क्वार्टरबॅकची जागा गोऱ्याची. क्वार्टरबॅक म्हणजे डाव ठरवणारा. काळ्यानं पळायचं, धडकायचं. डोक्याचं काम त्याला झेपत नाही! खोलीतल्या त्या तिघांनी पिझ्झा खाता खाता जे वाक्य टाकलं, ते त्यांचं नव्हतंच. त्यांनी ते आपल्या घरून नेलं होतं आणि तिथं त्याला जोड मिळाली.

आता पैशाचं बोलू. चाहत्यांची सध्याची तक्रार अशी की पोरं पैशाच्या मागं लागली, निष्ठा उरली नाही. एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात जातात.

ही निष्ठा काय भानगड आहे बघा. १९५५ साली कोलोरॅडोत रे डेनिसन नावाचा खेळाडू मॅचमध्ये डोक्याला मार लागून मेला. बायकोनं कामगार नुकसानभरपाई मागितली. राज्याच्या सुप्रीम कोर्टानं १९५७ साली सांगितलं, तो कॉलेजचा कामगार नव्हता. त्याच दिवसांत खेळ चालवणाऱ्या संघटनेनं, एन.सी.ए.ए.नं, एक शब्द काढला, ‘स्टुडंट-ॲथलीट’. विद्यार्थी-खेळाडू. तिचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी म्हातारपणी पुस्तक लिहून कबूल केलं की खेळाडूला कामगार ठरवण्याची भीती होती, तिच्यातून हा शब्द आला. गोऱ्या विधवेलाही या शब्दानं सोडलं नाही. शब्द एकदा तयार झाला की सगळ्यांना कापतो, पण जास्त कापतो तो खालच्याला.

मला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. माझ्या ओळखपत्रावर चार वर्षं झाली ‘ट्रेनी’ लिहिलंय. साचा मी चालवतो, तुटलेला धागा मी जोडतो, नव्या पोराला काम मी शिकवतो, आणि मी ट्रेनी. मागच्या वर्षी कार्डिंगवरच्या एका पोराची तीन बोटं गेली. ऑफिसात गेलो तर साहेब म्हणाले, तो कामगार नाही, ट्रेनी आहे, ठेकेदाराला विचारा. ठेकेदार म्हणाला, शिकताना होतंच असं. दिवाळीच्या पेढ्याबरोबर याच साहेबांचं भाषण होतं, “आपण सगळे एक कुटुंब आहोत.” उत्पादन वाढलं तेव्हा आपण. बोटं गेली तेव्हा तो.

तिकडच्या पोरांनी २०१४ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात युनियनसाठी मतदान केलं. वरचं बोर्ड म्हणालं, आम्ही यात पडत नाही. २०१५ साली प्रकरण मिटवलं. मतं मोजलीसुद्धा नाहीत. २०२१ साली तिथल्या सुप्रीम कोर्टानं नऊ विरुद्ध शून्यानं संघटनेचे काही निर्बंध बेकायदा ठरवले. त्याच साली जुलैपासून खेळाडूला स्वतःच्या नावावर जाहिरातीचे पैसे घ्यायची मुभा आली. जून २०२५ मध्ये कोर्टानं तडजोड मंजूर केली आणि विद्यापीठांना पहिल्या वर्षी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत खेळाडूंत वाटता येऊ लागले. कामगार म्हणून मात्र अजून नाव लागलेलं नाही. कोच करार मोडून दुसरीकडं गेला की चाहते म्हणतात, त्याची प्रगती झाली. पोरगं गेलं की निष्ठा संपली. पाटलाच्या पुतण्याचा दिवस नव्हता, तसंच हे.

मग उपाय काय? एक गोष्ट सांगतो. २०१५ च्या नोव्हेंबरात मिझुरी विद्यापीठात वर्णद्वेषाविरुद्ध एक विद्यार्थी उपोषणाला बसला होता. दिवस जात होते, अध्यक्ष हलत नव्हता. ७ नोव्हेंबरला संघातल्या काळ्या खेळाडूंनी जाहीर केलं, अध्यक्ष जाईपर्यंत आम्ही खेळणार नाही. कोच त्यांच्या बाजूनं उभा राहिला. पुढची मॅच रद्द झाली असती तर विद्यापीठाला दहा लाख डॉलर दंड पडला असता. ९ नोव्हेंबरला अध्यक्षानं राजीनामा दिला. दोन दिवस! उपासानं जे झालं नाही ते संपानं झालं. लगेच एका आमदारानं विधेयक आणलं, खेळायला नकार देणाऱ्याची शिष्यवृत्ती काढा. ते त्याला मागं घ्यावं लागलं, पण दात दिसले.

दात आधीही दिसले होते. १९६९ साली वायोमिंग विद्यापीठातल्या चौदा काळ्या खेळाडूंनी एका मॅचला दंडावर काळी फीत बांधायची परवानगी मागितली, तर कोचनं चौदाही जणांना संघातून हाकललं. विद्यापीठानं माफी मागितली २०१९ साली. पन्नास वर्षांनी. माफीच्या बाबतीत हे लोक फार सावकाश पळतात.

काही मित्र म्हणतील, तू काळ्यांचं रडगाणं आमच्या अंकात का आणलंस? १९४६ साली बाबासाहेबांनी ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं ते कशासाठी? १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली, ते नाव कुठून आलं? त्यांचं दुःख आणि आपलं दुःख एकच आहे असं मी म्हणत नाही. त्यांचा रंग लांबून दिसतो, आमची जात आडनाव विचारल्यावर दिसते. त्यांना विकलं, आम्हाला वेशीबाहेर ठेवलं. पण टाळी वाजवणारा हात दोन्हीकडं सारखाच आहे. खेळ संपला की तो खिशात जातो.

आणि मित्रांनो, आपलंही तपासा. आपल्या वस्तीतली पोरं टीव्हीपुढं बसून काळ्या खेळाडूला बघून जे माकडाचे आवाज काढतात, ते मी ऐकले आहेत. तेव्हा मला त्या तिघांपेक्षा जास्त शरम वाटली. ज्याच्या नावानं आपण पँथर झालो त्यालाच हसायचं?

मी खेळाच्या विरोधात नाही. मला चेंडू हातात आल्यावर जे वाटतं ते पगाराच्या दिवशीही वाटत नाही. मॅचनंतर चर्चा करू नका असंही मी म्हणत नाही. करा. रात्रभर करा. पण ‘आपण’ म्हणण्याआधी स्वतःला विचारा, ज्याच्या जिवावर जिंकलो त्याचा गुडघा मोडला तर दवाखान्याचं बिल ‘आपण’ भरणार का? त्याच्या ताटाला ताट लावून ‘आपण’ बसणार का? तो ‘मी खेळत नाही’ म्हणाला तर ‘आपण’ त्याच्या बाजूला उभे राहणार का? तीनही उत्तरं नाही अशी असतील, तर सरळ ‘आम्ही’ म्हणा. निदान खोटं तरी बोलणार नाही.

पुढच्या रविवारी दोस्ताचा पुन्हा फोन आला. संघ पुन्हा जिंकला होता. यानं त्या तिघांना विचारलं म्हणे, आपण म्हणजे कोण? दोघं हसले. खेळात राजकारण नको म्हणाले. तिसरा काही बोलला नाही. रात्री भांडी घासताना याच्याशेजारी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “मी परवा जे मेरिटचं बोललो ते...” आणि तिथंच थांबला. वाक्य पुरं केलं नाही. दोस्त म्हणाला, मी त्याच्या हातात घासणी दिली.

इकडं आमच्याही दारात मंडळाची माणसं आली होती. स्पर्धा तोंडावर आलीय, गोली मिळत नाही. “आपलंच मंडळ हाय, ये की लेका.” मी विचारलं, मंडळाच्या सभासद वहीत माझं नाव आहे का? एकमेकांकडं बघायला लागले. तीन वर्षं मी त्यांच्यासाठी खेळलो, वस्तीतली आणखी दोन पोरं खेळली. वहीत आमच्यातल्या एकाचंही नाव नाही. वही वरच्या आळीची आहे. वर्गणी चालते, गोली चालतो, वहीत नाव चालत नाही.

मी सांगितलं, वही घेऊन या. तिघांची नावं लिहा, शाईनं. मत द्यायचा हक्क, हिशेब बघायचा हक्क. मग गोलपोस्टात उभा राहतो आणि छाताड फुटेस्तोवर अडवतो.

विचार करून सांगतो म्हणाले.

करा विचार. तोपर्यंत माझ्यासमोर ‘आपण’ म्हणू नका.

जयभीम.